सात ईटीएफ, दहा मिनिटे आणि ४४,८२० रुपयांचा फरक

ऑक्टोबर २०२५ चा दुसरा आठवडा. धनत्रयोदशी तोंडावर आलेली, सोने आणि चांदी नवनवे उच्चांक गाठत असलेली. सांगलीतल्या एका निवृत्त जोडप्याची मुदत ठेव पूर्ण होते, १२ लाख रुपये हाती येतात आणि ते सगळे ‘ईटीएफमध्ये’, म्हणजे शेअर बाजारात शेअरसारखी घेता-विकता येणाऱ्या फंडाच्या युनिटांत, घालायचे ठरते. सकाळी ९.१५ ला बाजार उघडतो, मोबाइलवरून एकामागून एक सात मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावात घ्या, अशा) जातात आणि ९.२५ ला सातही पूर्ण झालेल्या असतात. (जोडपे कल्पित आहे आणि रकमा व टक्केवारी हिशेबाला सोप्या घेतल्या आहेत. त्या महिन्यातली बाजाराची स्थिती, नियम आणि यंत्रणा खऱ्या आहेत.)

खरेदी अशी होती:

निफ्टी ५० ईटीएफ – ३,००,००० रु.
मोमेंटम निर्देशांकाचा ईटीएफ – १,००,००० रु.
गोल्ड ईटीएफ – २,००,००० रु.
सिल्व्हर ईटीएफ – २,००,००० रु.
नॅसडॅक १०० (अमेरिकी शेअर निर्देशांक) ईटीएफ – २,००,००० रु.
भारत बाँड ईटीएफ, मुदत एप्रिल २०३२ – १,५०,००० रु.
लिक्विड ईटीएफ – ५०,००० रु.

विभागणी म्हणून यात फारसे वावगे नाही. देशी शेअर, परदेशी शेअर, दोन धातू, रोखे आणि थोडी रोकड असे सगळे आले. मोठी चूक विभागणीत नव्हती. सातही नावांपुढे ‘ईटीएफ’ लिहिलेले आहे म्हणून सातही एकाच पद्धतीने विकत घेता येतील, हे गृहीतक चुकले.

पडद्यावर दिसणारी किंमत आणि त्या क्षणी प्रत्येक युनिटमागे फंडाकडे असलेली मालमत्ता यांची तुलना केली, की जादा मोजलेली रक्कम दिसते. निफ्टीत ती साधारण १५० रुपये होती, मोमेंटममध्ये २,४८०, सोन्यात १,९८०, चांदीत २१,४३०, नॅसडॅकमध्ये १८,१८० आणि भारत बाँडमध्ये ६००. लिक्विडमध्ये काहीच नाही. एकूण ४४,८२० रुपये, म्हणजे गुंतवणुकीच्या ३.७ टक्के. दलाली, मुद्रांक शुल्क, फंडाचा वार्षिक खर्च हे सगळे यापुढे किरकोळ. त्यातही ३९,६१० रुपये फक्त चांदी आणि नॅसडॅकचे आहेत.

किंमत मूल्याला धरून का राहते

फंड घराणे साध्या म्युच्युअल फंडाची युनिटे दिवसअखेरच्या एनएव्हीला, म्हणजे युनिटमागच्या मालमत्तेच्या मूल्याला, देते आणि परत घेते. ईटीएफचे तसे नाही. शेअर बाजारात तुम्ही दुसऱ्या कुणाकडून तरी युनिट घेता आणि त्याची किंमत मागणी-पुरवठ्यावर ठरते. ती मूल्यापासून भरकटू नये म्हणून मार्केट मेकर असतात. किंमत मूल्यापेक्षा वर गेली की मार्केट मेकर निर्देशांकातले शेअर (किंवा तेवढी रक्कम) फंड घराण्याला देतो, नवी युनिटे तयार करून घेतो आणि ती बाजारात विकतो. पुरवठा वाढला की किंमत खाली येते. किंमत मूल्याखाली गेली तर तो बाजारातून युनिटे उचलून फंड घराण्याला परत करतो. बाजार नियामक सेबीच्या नियमानुसार प्रत्येक ईटीएफला किमान दोन मार्केट मेकर लागतात. त्यांच्याखेरीज फंड घराण्याशी थेट व्यवहार करण्याची मुभा २५ कोटी रुपयांहून मोठ्या व्यवहारांनाच आहे. थोडक्यात, सामान्य गुंतवणूकदाराला ते दार बंद असते. ते इतरांसाठी उघडे आहे, एवढ्याच भरवशावर तो खरेदी करतो.

म्हणून ईटीएफचे प्रकार शेअर, सोने, रोखे असे पाडून काम भागत नाही. नवे युनिट तयार करायला काय लागते आणि ती वस्तू आज, याच क्षणी, रास्त भावात मिळते का, हा प्रश्न प्रत्येक प्रकाराला वेगळा विचारावा लागतो. त्या सकाळी सातांपैकी दोन ठिकाणी त्याचे उत्तर ‘नाही’ असे होते. एका ठिकाणी ते ‘मिळते, पण जरा थांबा’ असे होते.

जिथे यंत्रणा नीट चालते

भारतातला पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, डिसेंबर २००१ मध्ये बेंचमार्क म्युच्युअल फंडाने आणला. आज तो निप्पॉन इंडियाकडे आहे. निफ्टी ५० मधले पन्नासही शेअर दिवसभर प्रचंड प्रमाणात विकले-घेतले जातात, त्यामुळे नवे युनिट बनवणे मार्केट मेकरला काही सेकंदांचे काम असते. खरेदी-विक्रीच्या भावातले अंतर काही पैशांचे राहते. म्हणूनच या जोडप्याची तीन लाखांची मार्केट ऑर्डरही दीडशे रुपयांत निभावली.

इथे निवड करताना दोनच गोष्टी पाहाव्यात: रोजची उलाढाल आणि ट्रॅकिंग डिफरन्स. ट्रॅकिंग डिफरन्स म्हणजे लाभांशासह मोजलेल्या निर्देशांकापेक्षा फंडाने वर्षभरात किती कमी दिले तो आकडा. ट्रॅकिंग एरर हे त्या फरकातल्या चढउताराचे माप आहे. शेअर ईटीएफसाठी सेबीने त्याला वार्षिक २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण खिशातून काय गेले ते त्यावरून कळत नाही. एका ईटीएफचे युनिट २५ रुपयांना आणि दुसऱ्याचे २५० रुपयांना म्हणून पहिला ‘स्वस्त’, असा समज अजूनही सर्रास आढळतो. तो फक्त युनिट किती तुकड्यांत केले आहे याचा फरक आहे. आणि दरमहा पाच हजार रुपये घालायचे असतील, तर निफ्टीसाठी ईटीएफचा हट्ट कशाला? इंडेक्स फंड एनएव्हीला मिळतो, खरेदी-विक्री भावातले अंतर नाही, डीमॅट नाही.

लिक्विड ईटीएफ तर त्याहून सोपा. त्याचे पैसे बहुतांशी सरकारी रोख्यांच्या तारणावर एका रात्रीसाठी उसने दिले जातात, म्हणून मूल्यात हालचाल जवळपास नाही. फक्त प्रकार पाहून घ्यावा. जुन्या पद्धतीत किंमत १,००० रुपयांवर ठेवून रोजचा लाभांश युनिटांच्या अपूर्णांकात जमा होतो. हे अपूर्णांक शेअर बाजारात विकता येत नाहीत आणि लाभांशावर उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर लागतो. ग्रोथ प्रकारात किंमतच रोज थोडी वाढते, अपूर्णांकांची कटकट राहत नाही. या जोडप्याने नकळत जुना प्रकार घेतला. नुकसान काही नाही, पण पुढची खरेदी ग्रोथमध्ये व्हावी.

मोमेंटम: मालमत्ता तरल, युनिट पातळ

मोमेंटम निर्देशांक अलीकडे ज्यांचा भाव जास्त वाढला असे शेअर निवडतो आणि निफ्टी २०० मोमेंटम ३० सारखा निर्देशांक दर सहा महिन्यांनी यादी बदलतो. त्यातले शेअर मोठेच असतात, म्हणजे युनिट बनवायला अडचण नाही. अडचण वेळेची होती. बाजार उघडल्यानंतरची पहिली काही मिनिटे मूळ शेअरचेच भाव ठरत असतात. त्या वेळी मार्केट मेकर स्वतःच्या सुरक्षेसाठी भाव लांब ठेवतो किंवा ठेवतच नाही. मग ऑर्डर बुकात (लावलेल्या खरेदी-विक्रीच्या भावांच्या यादीत) उरतात ते कुणीतरी ‘लागले तर लागले’ म्हणून लावलेले विक्रीचे भाव.

त्या मिनिटाला युनिटमागचे मूल्य १०० रुपये धरू. विक्रीला ४० युनिटे १००.२० ला, १०० युनिटे १०१ ला, २५० युनिटे १०२ ला आणि त्यानंतर मोठा साठा १०३.२० ला होता. मार्केट ऑर्डर हे सगळे थर एकामागून एक खात गेली. ३९० युनिटांना ३९,६०८ रुपये लागले, उरलेली ५८५ युनिटे १०३.२० ने ६०,३७२ रुपयांना पडली. एकूण ९७५ युनिटे ९९,९८० रुपयांना, सरासरी १०२.५४. अॅपवर मात्र ऑर्डर देताना १००.२० हाच भाव दिसत होता, कारण अॅप शेवटच्या व्यवहाराचा किंवा पहिल्या थराचा भाव दाखवते.

यावर उपाय साधा आहे. १० वाजल्यानंतर लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावाच्या वर न घेणारी) लावायची, भाव आयएनएव्हीपेक्षा फार तर पाव टक्का वर ठेवायचा आणि थांबायचे. आयएनएव्ही म्हणजे चालू भावांवरून काढलेले युनिटचे अंदाजी मूल्य. शेअर ईटीएफसाठी ते जास्तीत जास्त १५ सेकंदांच्या विलंबाने दाखवणे बंधनकारक आहे आणि फंड घराण्याच्या संकेतस्थळावर दिसते. ऑर्डर अर्धीच भरली तर बाकीचे दुपारी. भाव वाढवत पाठलाग करण्यात अर्थ नाही, कारण मार्केट मेकर परतला की तोच १००.१५ ला विकायला उभा राहतो.

चांदी: फंड घराण्यांनीच एक दार लावले होते

सिल्व्हर ईटीएफ भारतात तसे नवे. सेबीने नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम केले आणि जानेवारी २०२२ मध्ये पहिला ईटीएफ आला. फंडाला ९९.९ टक्के शुद्धतेच्या, साधारण ३० किलोच्या विटा तिजोरीत ठेवाव्या लागतात. या खरेदीच्या वेळी मूल्य काढण्याचा पाया लंडनचा डॉलरमधला भाव होता. त्याला रुपयाचा दर, सीमाशुल्क आणि इतर खर्च लावून एनएव्ही ठरत असे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हा पाया आणि इथला बाजार यांची फारकत झाली. लंडनमध्ये हजर चांदीची टंचाई होती आणि भावाने औंसाला ५० डॉलरची पातळी ओलांडली. भारतात त्याच वेळी दिवाळीची मागणी होती आणि ईटीएफमध्ये पैशांचा ओघ होता. आयातदारांना माल मिळेना, म्हणून देशातली चांदी आयात-खर्चाच्या हिशेबापेक्षा बरीच महाग विकली जाऊ लागली. मार्केट मेकरने नवी युनिटे मागितली तर फंडाला विटा विकत घ्याव्या लागणार, आणि विटाच महाग! त्यामुळे युनिटचा पुरवठा किंमत खाली आणू शकेना. काही सिल्व्हर ईटीएफ मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर गेले.

या जादा भावाला, म्हणजे प्रीमियमला, सरसकट फसवणूक म्हणणे बरोबर नाही. सराफाकडे गेले असते तरी तीच महाग चांदी मिळाली असती. एका अर्थी ईटीएफची किंमत देशी बाजाराचे खरे बोलत होती आणि एनएव्ही लंडनचे. पण देशी टंचाई ही तात्पुरती गोष्ट असते. विमानाने माल आला, सण संपला की ती ओसरते. त्यामुळे घेणाऱ्याने दोन पैजा लावल्या होत्या. चांदी वाढेल ही एक, टंचाई टिकेल ही दुसरी. दुसरी लावली आहे हेच त्याला ठाऊक नव्हते.

हिशेब असा. १२ टक्के प्रीमियम देऊन घेतलेल्या युनिटात चांदीचा भाव जागेवर राहिला आणि प्रीमियम गेला, तर १०.७ टक्के घट. चांदी ५ टक्के वाढली आणि प्रीमियम गेला, तरीही ६.२५ टक्के घट. भाव वाढूनही तोटा कसा, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला असणार.

इशारा मात्र मिळालेला होता. त्या आठवड्यापासून कोटक, यूटीआय, एसबीआय यांसारख्या फंड घराण्यांनी आपल्या सिल्व्हर ईटीएफ फंड ऑफ फंडात एकरकमी गुंतवणूक तात्पुरती थांबवली. फंड ऑफ फंड आलेल्या पैशातून ईटीएफचीच युनिटे घेतो आणि ती चढ्या भावात घेतली तर गुंतवणूकदाराचे नुकसान, म्हणून हा निर्णय होता. आपल्या जोडप्याने या बातमीचा अर्थ नेमका उलटा लावला: ‘फंड बंद झाला, ईटीएफ चालू आहे, तर लवकर घेऊ.’ शेअर बाजारातली खरेदी कुणी थांबवत नाही, एवढेच त्यामागचे कारण होते. जिथे जाणकाराने जाणीवपूर्वक हात आखडला, तिथेच दुसऱ्या वाटेने जायचे असेल, तर निदान आधी आयएनएव्ही तरी पाहायला हवी.

महिना संपेपर्यंत लंडनचा भाव ५० डॉलरखाली आला आणि इथला प्रीमियमही बराचसा विरला. पुढे डिसेंबरमध्ये चांदी ७० डॉलरच्या वर गेली, त्यामुळे हे युनिट तेव्हा नफ्यातच दिसले असते. पण त्यावरून खरेदी योग्य होती असे ठरत नाही. प्रीमियम उतरल्यावर त्याच दोन लाखांत, भावातली घसरण बाजूला ठेवली तरी, १२ टक्के जास्त चांदी पदरी पडली असती आणि पुढची तीच वाढ त्या जास्त चांदीवर मिळाली असती.

सोन्यातही तेव्हा थोडा प्रीमियम होता, पण सोन्याचा व्यापार मोठा आणि पुरवठा बराच सुरळीत, म्हणून तो एक टक्क्यापाशी थांबला. गोल्ड ईटीएफ इथे २००७ पासून आहेत आणि या जोडप्याची निवड ठीक होती. एक बारकावा अनेकांना गोंधळात टाकतो. ‘एक युनिट म्हणजे ०.०१ ग्रॅम’ असे काही ईटीएफबाबत सांगितले जाते, पण फंडाचा वार्षिक खर्च सोन्यातूनच वजा होत असल्याने दरवर्षी युनिटमागचे सोने किंचित कमी होते. सराफाच्या भावाला शंभराने भागून युनिटची किंमत ‘स्वस्त’ ठरवू नये.

नॅसडॅक: इथे मुळात नवी युनिटे बनतच नाहीत

नॅसडॅकचा प्रीमियम चांदीपेक्षा वेगळ्या जातीचा आहे आणि जास्त धोक्याचा. भारतीय म्युच्युअल फंडांना परदेशी शेअरमध्ये गुंतवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने सगळ्यांना मिळून ७ अब्ज डॉलरची मर्यादा घातली आहे आणि परदेशी ईटीएफमध्ये गुंतवण्यासाठी वेगळी १ अब्ज डॉलरची. पहिली मर्यादा भरत आली म्हणून २ फेब्रुवारी २०२२ पासून नवी गुंतवणूक थांबली. त्याच वर्षी जूनमध्ये, आधीच्या पातळीपर्यंत जागा असेल तेवढीच मुभा मिळाली. दुसरी मर्यादा भरत आल्याने १ एप्रिल २०२४ पासून परदेशी ईटीएफवरच्या योजनांनाही नवे पैसे घेण्यास मनाई झाली.

डॉलर बाहेर पाठवता येत नाहीत म्हणजे फंड नवे शेअर घेऊ शकत नाही. शेअर नाहीत तर युनिटे नाहीत. बाजारात जी युनिटे आहेत तेवढीच, आणि घेणारे वाढत गेलेले. अमेरिकी बाजार तेजीत असला की हा प्रीमियम दोन आकड्यांत जातो, मंदीत आपोआप आटतो. मर्यादा उद्या वाढवली तर तो एका दिवसात कोसळू शकतो. ज्या बातमीने बाकीचे खूष होतील, तिनेच १० टक्के प्रीमियम देणाऱ्या जुन्या खरेदीदाराचे सुमारे ९ टक्के जातील.

मोजताना एक काळजी घ्यावी. भारतीय बाजार चालू असतो तेव्हा अमेरिका झोपलेली असते. नॅसडॅक आपल्या घड्याळात संध्याकाळी सातला, हिवाळ्यात आठला उघडतो. त्यामुळे दिवसाची आयएनएव्ही कालच्या बंद भावावर टेकलेली असते. रात्रीनंतर नॅसडॅकचे वायदे एक टक्का वर असतील, तर ईटीएफ आयएनएव्हीपेक्षा एक टक्का वर असणे रास्त आहे. त्यापलीकडचा भाग खरा प्रीमियम. या प्रकरणात वायदे जवळपास जागेवर होते, म्हणून सगळे १० टक्के प्रीमियमच.

तो अजून तसाच असेल, तर मात्र एक गोष्ट गुंतवणूकदाराच्या बाजूने आहे. ज्या भावात घेतले त्याच भावात, प्रीमियमसकट, विकताही येते. तोटा प्रीमियम आटल्यावरच प्रत्यक्षात येतो.

नियमाचा कल कुणाकडे

विकणाऱ्यासाठी सेबीने एक सुटकेची वाट ठेवली आहे. सलग सात व्यवहार-दिवस युनिटचा भाव दिवसअखेरच्या एनएव्हीपेक्षा एक टक्क्याहून जास्त खाली असेल, किंवा तीन दिवस बाजारात भावच लागला नसेल, तर छोट्या गुंतवणूकदारालाही फंड घराण्याकडून थेट पैसे घेता येतात आणि त्यावर निर्गमन शुल्क नसते. प्रीमियममध्ये घेणाऱ्याला असे संरक्षण नाही. स्वस्तात विकावे लागण्यापासून नियम वाचवतो, महागात घेण्यापासून नाही. सहसा ही बाब कुणी सांगत नाही, पण खरेदीच्या दिवशी महत्त्वाची तीच असते.

रोख्यांचा तुकडा

भारत बाँड ईटीएफ डिसेंबर २०१९ पासून आहेत. आत सरकारी कंपन्यांचे एएए (सर्वोच्च) दर्जाचे रोखे असतात आणि ठरलेल्या महिन्यात सगळे पैसे परत मिळतात. उलाढाल कमी, म्हणून ०.४ टक्के जादा गेले. मुदतीपर्यंत साडेसहा वर्षे असल्याने ते वर्षाला ०.०६ टक्क्यांच्या आसपास पडतात, म्हणजे सोडून देण्याजोगे. मधेच विकायचे झाले तर मात्र तेच अंतर दुसऱ्यांदा भोवते. पैसे २०३२ आधी लागण्याची शक्यता असेल तर हा प्रकार घेऊच नये. आणि खरेदी १ एप्रिल २०२३ नंतरची असल्याने नफा कितीही वर्षांनी घेतला तरी उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणेच कर लागणार. मुदत ठेवीशी तुलना करताना हा मुद्दा धरलाच पाहिजे, कारण करात इथे काही सवलत उरलेली नाही.

दुरुस्ती: काय विकायचे, काय नाही

निफ्टी, सोने, बाँड, लिक्विड यांना हात लावायचा नाही. मोमेंटमचे २,४८० रुपये गेले ते गेले. लगेच विकून परत घेण्यात दुसऱ्यांदा अंतर मोजावे लागेल, शिवाय १२ महिन्यांच्या आत नफा निघालाच तर २० टक्के कर.

चांदी प्रीमियम विरल्यावर विकण्यात अर्थ नाही, कारण तोवर नुकसान होऊन गेलेले असते. विकायची असती तर ती प्रीमियम शाबूत असताना, दोन-तीन दिवसांत. आता चांदीचे प्रमाण हवे तेवढेच आहे का, एवढाच प्रश्न. १२ लाखांत २ लाख, म्हणजे जवळपास १७ टक्के चांदी हे निवृत्त माणसासाठी जास्त आहे. आमच्या मते दोन धातूंत सोने जास्त असावे. कमी करताना बारा महिने पूर्ण झाल्यावर विकावे. शेअर बाजारात नोंदलेल्या सोने-चांदीच्या ईटीएफवर त्यानंतर १२.५ टक्के कर आहे, त्याआधी टप्प्याप्रमाणे. शेअर ईटीएफला मिळणारी १.२५ लाखांची वार्षिक सूट इथे नाही. फंड ऑफ फंडमध्ये हीच मुदत २४ महिन्यांची आहे, हेही ध्यानात असावे.

नॅसडॅकबाबत निर्णय लगेच घ्यावा लागतो. प्रीमियम ८ टक्क्यांच्या वर असताना निम्मी युनिटे विकावीत आणि ती रक्कम तात्पुरती लिक्विडमध्ये ठेवावी. उरलेली निम्मी राहू द्यावीत, कारण अमेरिकेतला हिस्सा पूर्ण शून्य करणे हाही एक अंदाजच झाला. नवी खरेदी प्रीमियम २ टक्क्यांखाली आल्यावरच. तो कित्येक महिने येणार नाही, हे मान्य करून बसायचे. उदारीकृत प्रेषण योजनेतून (व्यक्तीला परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना) थेट अमेरिकी ईटीएफ घेण्याचा पर्याय आहे. पण एक लाखासाठी बँकेचे परकीय चलन शुल्क, लाभांशावर अमेरिकेतली २५ टक्के कपात, विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट हा व्याप झेपत नाही. रक्कम दहा-पंधरा लाखांची असेल तेव्हा विचार करावा, तोही ६०,००० डॉलरच्या वर अमेरिकेचा वारसाकर लागू होतो हे लक्षात ठेवून.

जोडप्याच्या अमेरिकेतल्या मुलाने ‘माझ्याही नावाने तिकडे थोडे घ्या’ असे सुचवले होते. ते टाळावे. अमेरिकेत कर भरणाऱ्यासाठी भारतीय म्युच्युअल फंड आणि ईटीएफ ‘पीएफआयसी’ (निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी) वर्गात मोडतात. त्यांचा दरवर्षी ८६२१ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि कराचा हिशेब जाचक असतो. निफ्टी हवाच असेल तर भारतावरचा तिथला ईटीएफ तिथेच घेणे सोपे.

ऑर्डर देण्याआधीची पाच मिनिटे

पुढच्या खरेदीसाठी एका कागदावर पाच ओळी लिहून ठेवल्या. ईटीएफचे नाव. या क्षणाची आयएनएव्ही (काल संध्याकाळची एनएव्ही चालणार नाही, चांदी आज ४ टक्के वर असेल तर कालच्या एनएव्हीशी दिसणारे ४ टक्के हा प्रीमियम नव्हे). ऑर्डर बुकातल्या पहिल्या पाच थरांत विक्रीला असलेली युनिटे. ती आपल्या गरजेपेक्षा कमी असतील तर ऑर्डरचे तुकडे. आणि शेवटी लिमिटचा भाव: निफ्टीला आयएनएव्हीपेक्षा ०.१ टक्का वर, सोने व मोमेंटमला पाव टक्का, रोख्यांना अर्धा. चांदीचा प्रीमियम २ टक्क्यांच्या वर असेल तर खरेदी पुढच्या आठवड्यावर, सण असो वा मुहूर्त. नॅसडॅकचा २ टक्क्यांचा नियम वर आलाच आहे. तो वायद्यांचा फरक वजा करून लावायचा.

वेळ सकाळी १० ते दुपारी ३. मुहूर्ताच्या व्यवहारात, जो २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला दुपारी पावणेदोन ते पावणेतीन असा तासभर झाला, शकुनाला म्हणून निफ्टीची दोन युनिटे घ्यावीत. कमी उलाढालीचा ईटीएफ त्या तासात मोठ्या रकमेने घेऊ नये. ऑर्डर पूर्ण झाल्यावर सरासरी भाव आणि त्या मिनिटाची आयएनएव्ही त्याच कागदावर लिहायची. वर्षअखेरीस फंडाने जाहीर केलेला ट्रॅकिंग डिफरन्स त्याशेजारी मांडला, की ०.०५ टक्के खर्चाच्या शोधात आपण खरेदीच्या दिवशी किती टक्के देत होतो ते दिसते.